कारभाऱ्याचा शब्द आणि कुंभाराची सून

नदीकाठच्या एका गावात एक कारभारी राहत असे, आणि त्याच्याजवळ एक इंग्रजी शब्द होता.

तात्यासाहेब कारभारी हे संस्थानचे जुने नोकर. एकदा महाराजांबरोबर ते मुंबईस गेले. तिथे कुठल्याशा कचेरीत 'इन्फॉर्म' हा शब्द त्यांच्या कानी पडला आणि येताना तो ते घेऊनच आले. लोक मुंबईहून छत्री आणतात, घड्याळ आणतात. तात्यासाहेबांनी शब्द आणला. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कळवलं नाही, निरोप धाडला नाही. ते इन्फॉर्म करीत. दुपारी जेवायला यायचं नसलं तरी घरी इन्फॉर्म करीत. बायको ताट वाढून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसून राही. मग तात्यासाहेब म्हणत, "सकाळीच इन्फॉर्म केलं होतं." उंबरा ओलांडताना, पाठमोरे, पागोटं बांधता बांधता ते काहीतरी पुटपुटले होते, एवढं तिला आठवे.

त्या शब्दाचा मोठा गुण असा, की तो तोंडातून निघाला की तात्यासाहेबांपुरतं काम संपत असे.

याच गावाच्या खालच्या अंगाला कुंभारांची आठ घरं होती. त्यांतल्या नामाजी कुंभाराच्या घरी माघ महिन्यात सून आली. तिचं नाव भिवरा. भिवरा कमी बोले. नव्या सुनेनं कमीच बोलावं असा तिथला रिवाज होता आणि तो तिला मानवला, कारण बोलणं कमी असलं की बघायला वेळ मिळतो. दोन महिन्यांत तिनं एवढं पाहिलं, की या घरात सगळे सांगतात आणि कुणालाच कळत नाही. सासू चुलीपुढून सांगे, "लाकडं संपली." सासरा चाकावरून म्हणे, "हां." संध्याकाळी लाकडं नसत. मग सासू म्हणे, "सांगितलं होतं." सासरा म्हणे, "मी हां म्हणालो होतो." दोघंही खरं बोलत. स्वयंपाक मात्र होत नसे. भिवरा कपाळाला हात लावी, पण पदराच्या आतून.

गावापासून दोन कोसांवर, वरच्या अंगाला, संस्थाननं तीन वर्षांपूर्वी धरण बांधलं होतं. त्या वर्षी चैत्रात धरणाच्या भिंतीला पाझर लागला. पावसाळ्याआधी दुरुस्ती व्हायला हवी, म्हणून साठलेलं सगळं पाणी एकदम सोडून द्यायचं ठरलं. महाराजांचं पत्र आलं : नदीकाठच्या रयतेला सावध करा.

तात्यासाहेबांना हर्ष झाला. इतकं मोठं इन्फॉर्म करायला त्यांना आजवर मिळालं नव्हतं. त्यांनी चार पानी जाहीरनामा लिहून चावडीच्या भिंतीला चिकटवला. गावात वाचता येणारी माणसं तीन, आणि त्यांतल्या दोघांना चाळशी होती. मग दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका. येत्या गुरुवारी, सूर्य डोक्यावर आला म्हणजे, धरणाची दारं उघडून नदीत पाणी सोडण्यात येणार आहे. तमाम रयतेनं नोंद घ्यावी हो."

तमाम रयतेनं नोंद घेतली. परटिणींनी ठरवलं, की कपडे गुरुवारपर्यंत साठवायचे. पलीकडच्या काठावर वाळूत कलिंगडं लावणाऱ्या माळ्यांनी ठरवलं, की आता तीन दिवस वेलांना पाणी घालायचं नाही, गुरुवारी आयतंच मिळेल. आणि कुंभारांना तर देवच पावला.

कारण असं, की धरण झाल्यापासून उन्हाळ्यात नदी कोरडी पडे. माती भिजवायला पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून गाढवांवर लादून आणावं लागे. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तेरा दिवसांवर आली होती. आखाजीला पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला नवा घट द्यायचा, म्हणून साऱ्या पंचक्रोशीला घट याच आठ घरांतून जात. वर्षाची भाकरी त्या घटांवर. सातशे-आठशे कच्चे घट अंगणाअंगणांतून वाळत पडले होते आणि तितकेच अजून व्हायचे होते.

"पाणी नदीत येणार, तर आपण इथं कशाला बसायचं?" भिवराचा नवरा गोंदा म्हणाला. "चाकं नदीत नेऊ. वाळूत मांडव टाकू. बसल्या जागी पाणी. कच्चा मालबी तिथंच नेऊ, म्हंजे येरझारा नकोत."

आठांपैकी सहा घरांना ते लगेच पटलं. गोंदाला आपल्या अकलेचं कौतुक वाटलं. नामाजीलाही लेकाच्या अकलेचं कौतुक वाटलं. सोमवारी सकाळी गाढवं लादली आणि मडकी नदीच्या पात्रात जाऊ लागली.

मडक्यांची पाटी डोक्यावर घेतलेली भिवरा वाटेतच थांबली. तिचं माहेर एका जुन्या तलावाच्या खाली होतं. ती आठ वर्षांची असताना त्या तलावाचं दार असंच उघडलं होतं. पाणी कसं आलं ते तिनं टेकडीवरून पाहिलं होतं. ते वाहत आलं नव्हतं. ते उभं आलं होतं. त्यात एक बैलगाडी होती, बैलांसकट.

या गावानं पूर पाहिले होते, पण ते पावसाचे. पावसाचं पाणी आधी गढूळ होतं, मग पायरी पायरीनं चढतं, माणसाला उठायला वेळ देतं. म्हाताऱ्या नामाजीचे गुडघे धरलेले होते. त्याला चाकापुढून उठायलाच घटकाभर लागे. गुरुवारी दुपारी तो पात्राच्या मधोमध बसलेला असणार, आणि शेजारी गोंदा.

तिनं गोंदाला गाठलं.

"अहो, हे पाणी तसं नसतं. भिंतीवानी येतं."

"तुज्या म्हायेरचं येत असंल," गोंदा म्हणाला. "तिकडची माणसंबी तशीच येत्यात."

"मडकी जातील. तुम्हीबी जाल."

"दवंडी आमी ऐकलीय. पाणी सोडणार म्हनले, बुडवणार न्हाई म्हनले."

तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "यांना सांग." तिनं सासऱ्याला सांगितलं. सासरा म्हणाला, "हां."

भिवरानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग पदर खोचून ती सरळ चावडीवर गेली. नव्या सुनेनं चावडीवर जाणं हे गावानं बराच काळ लक्षात ठेवलं.

तात्यासाहेब लोडाला टेकून बसले होते. बाजूला संस्थानच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक म्हातारे पंतोजी चाळशी लावून भिंतीवरचा जाहीरनामा वाचत होते. दुसऱ्या पानावर त्यांना डुलकी येत होती.

"सरकार," भिवरा खांबाआडून म्हणाली, "कुंभार नदीत उतरले. माळ्यांनी कलिंगडाचं पाणी तोडलं. गुरुवारी समदे तिथंच असतील."

"अशक्य," तात्यासाहेब म्हणाले. "आम्ही इन्फॉर्म केलंय. लेखी केलंय. तोंडीही केलंय."

"पण त्यांना कळलं न्हाई."

"न कळणं हा त्यांच्याकडचा भाग आहे, मुली. आमच्याकडचा भाग पूर्ण झाला."

"लोक मरतील, सरकार."

लोक मेले तर महाराजांना उत्तर द्यावं लागेल, हे तात्यासाहेबांच्या ध्यानात आलं. ते उदार झाले. "बरं. पुन्हा एकदा इन्फॉर्म करू."

दवंडीवाला पुन्हा फिरला. तीच दवंडी, फक्त या वेळी ढोल जास्त जोरात.

"बघा," गोंदा आळीत सांगत सुटला, "सरकार दोनदा सांगतंय. म्हंजे पाणी नक्की येणार." उरलेल्या दोन घरांचा जीव अजून थोडा मागेपुढे होत होता. त्यांनीही मडकी नदीत नेली.

दुसऱ्या दिवशी भिवरा विहिरीच्या वाटेवर एका दगडावर बसली होती. रडायलाही तिला कंटाळा आला होता. पंतोजी शाळेतून परतत होते. ते थांबले.

"तू कालची ना गं? काय झालं पुढं?"

"काय व्हायचं? दोन घरं ऱ्हायली हुती, तीबी गेली." मग तिनं विचारलं, "काका, त्यो सरकारांचा शब्द, इन्फॉर्म. म्हंजे वो काय?"

पंतोजींचा चेहरा उजळला. तीस वर्षांत त्यांना कुणी आपण होऊन काही विचारलं नव्हतं.

"सांगणं, कळवणं, असा त्याचा आजचा अर्थ. पण तो शब्द इंग्रजांच्या घरचा नाही, पोरी. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला, आणि फ्रेंचांकडे तो आला जुन्या रोमी लोकांच्या लॅटिन भाषेतून. 'इन' म्हणजे आत. 'फॉर्मा' म्हणजे आकार. एखाद्याच्या मनात आत शिरून त्याला आकार द्यायचा, घडवायचं, हा मूळचा अर्थ. इंग्रजसुद्धा पूर्वी शिकवण्याला हाच शब्द वापरत. तात्यासाहेब शब्द घेऊन आले आणि अर्थ मुंबईलाच विसरले." पंतोजी सुस्कारा टाकून पुढे म्हणाले, "तसा मीही कुठं मोठा? तीस वर्षं फळ्याला शिकवतोय."

पंतोजी गेले. भिवरा दगडावरच बसून राहिली.

आत शिरून आकार द्यायचा, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. ती कुंभाराची लेक आणि कुंभाराची सून. मडकं थापताना एक हात आत असतो आणि एक बाहेर. आतला हात काढून घेऊन नुसती बाहेरून थापी मारत राहिलं तर मडकं खाली बसतं, हे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. आणि तिनं स्वतः दोन दिवस काय केलं होतं? नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, सासऱ्याला सांगितलं. बाहेरून थापी. 'भिंतीवानी येतं' असं ती म्हणाली, तेव्हा भिंत तिच्या डोळ्यांपुढे होती. गोंदाच्या डोळ्यांपुढे गेल्या आषाढातला घोटाभर ओहोळ होता. दोघं एकाच पाण्याबद्दल बोलत नव्हतेच.

मग तात्यासाहेबांत आणि आपल्यात फरक तो काय, असं तिच्या मनात आलं, आणि हा विचार तिला मुळीच आवडला नाही.

बुधवारी ती भाकरी घेऊन नदीत गेली. आठ घरांची माणसं मांडवाखाली जेवली. मडक्यांच्या रांगा वाळूत लांबवर पसरल्या होत्या. जेवण झाल्यावर भिवरानं भिजलेल्या मातीचा एक मोठा गोळा उचलला आणि काठाच्या उतारावर जाऊन बसली.

तिनं बोटांनी एक लांब पन्हळ कोरली. वळणं काढली. दोन्ही काठांना बाभळीच्या काटक्या रोवल्या.

"नव्या नवरीला भातुकली आठवली," एक जाऊ म्हणाली.

"खेळू दे. पोर लहान हाय," दुसरी म्हणाली.

भिवरा काम करत राहिली. पन्हळीच्या मध्ये तिनं चार काड्यांचा मांडव केला. मांडवाखाली बोटभर चाक ठेवलं. चाकामागे एक वाकलेला म्हातारा बसवला. त्याचे गुडघे तिनं मुद्दाम सुजवले. तेव्हा माणसं हसत जवळ आली. मग ती मडकी करू लागली, अंगठ्याएवढी, एकामागून एक. रांगा लावल्या. कुंभाराला मडकं दिसलं की त्याला राहवत नाही. "ह्ये वाकडं झालं," म्हणत एकानं एक सारखं केलं. दुसऱ्यानं आपल्या घराची रांग आपणच लावली. एकीनं दोन गाढवं करून दिली. नामाजी काठी टेकत आला आणि आपला पुतळा निरखून म्हणाला, "नाक माझंच हाय."

पन्हळीच्या वरच्या टोकाला भिवरानं मातीची भिंत घातली. भिंतीमागे मोठा खळगा केला. भिंतीच्या तळाशी एक भोक ठेवून ते मातीच्या गुठळीनं बंद केलं. मग भरलेली घागर आणून सगळी खळग्यात ओतली.

"मामंजी," ती म्हणाली, "ह्ये धरण. तुमच्या हातानं दार काढा."

नामाजी हसत वाकला आणि गुठळी काढली.

पाणी एकदम सुटलं. त्यानं आधी गाढवं घेतली. मग काड्यांचा मांडव आडवा झाला, काठावरच्या काटक्या उपटल्या गेल्या, चाक फिरलं आणि दिसेनासं झालं. रांगा एकामागून एक विरल्या. कच्चं मडकं पाण्यात फुटत नाही, विरघळतं. हे त्या सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की आजवर कुणाला बोलायची गरज पडली नव्हती. म्हातारा क्षणभर टिकला. मग त्याचे गुडघे गेले, मग नाक.

पाणी ओसरलं तेव्हा पन्हळीत गुळगुळीत चिखल होता. मडकी मोजायलाही उरली नव्हती.

 नामाजी मागे वळला आणि वाळूवरच्या खऱ्या रांगांकडे पाहू लागला.

"ही एक घागर हुती," भिवरा म्हणाली. "वर तळं हाय."

"उद्या हे असं?" गोंदानं विचारलं. 

"उद्या. सूर्य डोक्यावर आल्यावर."

"मग आदी सांगायचं न्हाई का?"

भिवरानं नवऱ्याकडे पाहिलं. एका नजरेत बायको जितकं बोलू शकते तितकं ती बोलली. मग शांतपणे विचारलं, "आता सांगा, उद्या सूर्य डोक्यावर आल्यावर तुम्ही कुठं?"

"वर."

"वर म्हंजे?"

"आळीत."

"आळीला पाणी लागंल. धरण तुमी बघितलं न्हाई का आत्ता? काठावरच्या काटक्या सुदीक गेल्या."

गोंदानं पन्हळीकडे नीट पाहिलं. "मग मारुतीच्या टेकाडावर."

"आणि गाढवं?"

गाढवांचा विचार गोंदानं केला नव्हता. त्यानं केला. "गाढवंबी टेकाडावर. आज सांजेलाच."

तिनं एकेकाला विचारलं. मान डोलावलेली ती धरत नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं : मी कुठं, म्हातारी माणसं कुठं, माल कुठं. नव्या सुनेपुढे असं उभं राहून उत्तरं देणं दोन-तीन पुरुषांना जड गेलं. पण समोर चिखल होता.

दिवस मावळेपर्यंत गाढवं मडकी टेकाडावर वाहत होती. गोंदा पलीकडच्या काठाला माळ्यांकडे गेला. तो तिथं काही बोलला नाही. वाळूत बसून पन्हळ कोरू लागला आणि त्यानं एक कच्चं कलिंगड मागितलं. माळ्यांना आधी वाटलं, कुंभाराला ऊन लागलं. तासाभरानं ते वेलांवरची फळं उतरवत होते. परटिणींकडे नामाजीची बायको गेली. तिनं तशीच पन्हळ करून लुगड्याची एक चिंधी पाण्यात सोडून दाखवली आणि प्रत्येकीकडून वदवून घेतलं, की उद्या धुणं नाही.

गुरुवारी सारं गाव टेकाडावर होतं. सूर्य डोक्यावर आला. आधी वास आला, शेवाळाचा. मग आवाज आला. मग वळणावरून पाणी आलं, माणसाहून उंच, करड्या रंगाचं, मुळांसकट उपटलेल्या बाभळी पुढे घालून. रिकामा मांडव त्यानं उभाच्या उभा उचलला. माळ्यांच्या वेलांचं नावही उरलं नाही. कुंभारांचे भिजवलेल्या मातीचे दोन ढिगारे गेले, आणि एका घराचं वेळेत न निघालेलं चाक. माणूस एकही गेलं नाही. नामाजी काठीवर हनुवटी ठेवून, काल आपण बसलो होतो ती जागा शोधत राहिला. ती सापडली नाही.

पाणी उतरल्यावर तात्यासाहेब छत्री घेऊन आले. बरोबर पंतोजी होते. सगळे जिवंत पाहून तात्यासाहेबांना धन्य वाटलं. त्यांनी जाड कागद काढला.

"महाराजांकडे पाठवायचा आहे," ते नामाजीला म्हणाले. "तू आळीतला वडील. इथं अंगठा कर."

"काय लिवलंय, सरकार?"

"एवढंच, की आम्हांस वेळेवर इन्फॉर्म करण्यात आले, म्हणून आमचे प्राण वाचले."

नामाजीनं कागदाकडे पाहिलं. वाचता येत नसलं तरी तो बराच वेळ पाहत राहिला.

"सरकार, 'ऐकू आलं हुतं' असं लिवा. दहा अंगठे देतो."

"ऐकू आलं म्हणजेच इन्फॉर्म झालं."

"कसं व्हईल? ऐकू आलं म्हणून तर आमी मडकी नदीत मांडली."

पंतोजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड वळवलं. तात्यासाहेब वैतागले. "म्हातारबा, उन्हात उभा केलायस. मग लिहू तरी काय?"

"लिवा," नामाजी म्हणाला, आणि एकेक शब्द चाकावर ठेवावा तसा ठेवत गेला. "सरकारनं दोनदा वरडून सांगितलं. आमी दोनदा ऐकलं. कळलं मातूर सुनंनं घडवून दावलं तवा."

तात्यासाहेबांनी तसं लिहिलं. दुसरा उपाय नव्हता. महाराजांना अंगठा हवा होता. नामाजीनं शाईत बोट न बुडवता ओल्या मातीत बुडवलं आणि कागदावर दाबून धरलं. काढलं तेव्हा ठसा स्वच्छ उमटला होता. तरी त्यानं कागद सुनेपुढे धरला आणि विचारलं, "बघ, नीट आलाय का?"

तात्पर्य: बोललेलं कानापर्यंत गेलं म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, आपल्या मनात जे उभं आहे तेच ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहीपर्यंत सांगायचं काम बाकीच असतं.